सात जागांसाठी ऑगस्ट

चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लब फुटबॉलची सर्वोच्च स्पर्धा. २०२४ पासून तिच्यात ३६ संघ खेळतात. त्यांतल्या २९ जागा मे महिन्याअखेर, देशोदेशीच्या लीग संपतात तेव्हाच भरलेल्या असतात. उरलेल्या सात जागांसाठी पन्नासच्या आसपास संघ जुलैच्या सुरुवातीपासून एकमेकांना बाद करत पुढे सरकतात. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्यांच्यातले चौदा शिल्लक राहतात आणि सात जोड्या लागतात. प्रत्येक जोडीचे दोन सामने, एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. दोन्हींत मिळून ज्याचे गोल जास्त, तो आत. बरोबरी झाली तर अर्ध्या तासाचा जादा वेळ, तरीही सुटले नाही तर पेनल्टी शूटआउट. ही प्ले-ऑफ फेरी. (फेब्रुवारीत नवव्या ते चोविसाव्या क्रमांकाच्या संघांत जी लढत होते तिलाही आता प्ले-ऑफच म्हणतात, पण ती आत पोहोचलेल्यांची लढत आहे. इथे बोलायचे ते उंबरठ्याबाहेरच्यांबद्दल.)

यातले बरेचसे सामने भारतात रात्री साडेबाराला सुरू होतात. त्या दिवसांत क्रीडापानांवर खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या बातम्यांची गर्दी असते. इंग्लिश प्रीमियर लीग नेमाने पाहणारा मराठी प्रेक्षकही या फेरीकडे सहसा वळत नाही. मला मात्र वाटते की युरोपीय फुटबॉलमध्ये वर्षभरात सर्वांत जास्त पणाला लागलेले असते ते याच दोन आठवड्यांत. छोट्या देशाच्या विजेत्याला बड्यांच्या पंक्तीत नेणारे हे आता एकमेव दार उरले आहे. ते उघडे राहायला हवे, आजच्यापेक्षा रुंद व्हायला हवे, आणि आत जाणाऱ्याच्या हाती जो पैसा पडतो त्याचाही नव्याने विचार व्हायला हवा.

पूर्वी अशा दाराची गरजच नव्हती. १९५५ साली ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाच्या पुढाकाराने युरोपियन कप सुरू झाला, आणि लवकरच त्याचा नियम ठरून गेला: देशाचा विजेता तो स्पर्धेत. पहिल्या फेरीपासून सरळ बाद पद्धत. माद्रिदचा संघ असो की माल्टाचा, सुरुवात जवळपास एकाच रेषेवरून. या व्यवस्थेत ग्लासगोच्या सेल्टिकने १९६७ मध्ये कप जिंकला, बुखारेस्टच्या स्टेआवाने १९८६ मध्ये आणि बेलग्रेडच्या रेड स्टारने १९९१ मध्ये. ही तिन्ही नावे लक्षात ठेवावीत. तिघांनाही पुढे याच दारापाशी उभे राहावे लागले, आणि तिथे जुन्या कपाचे वजन कुणी विचारले नाही.

१९९२ मध्ये युरोपियन कपचे नाव चॅम्पियन्स लीग झाले. टीव्हीचा पैसा येऊ लागला तशी मोठ्या क्लबांची भीती वाढली की एखाद्या वाईट रात्री आपण बाद होऊ आणि वर्षभराचे उत्पन्न बुडेल. त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती ही भीती कमी करण्यासाठी झाली. १९९४ ते १९९७ ही तीन वर्षे तर खालच्या मानांकनाच्या देशांच्या विजेत्यांना या स्पर्धेतून काढून थेट दुय्यम यूएफा कपमध्ये पाठवण्यात आले. स्वतःच्या देशात पहिले आलेल्या संघाला ‘चॅम्पियन्स’ नावाच्या स्पर्धेचे दार बंद! १९९७ मध्ये त्यांना परत घेतले, पण सोबत आठ बड्या लीगचे उपविजेतेही आले. १९९९ पासून सर्वांत वरच्या देशांचे चार-चार संघ येऊ लागले. मग पात्रता फेऱ्यांत व्हायचे असे की बेलारूस किंवा सायप्रसचा विजेता दोन फेऱ्या जिंकून वर यायचा आणि शेवटच्या फेरीत त्याच्यापुढे इंग्लंडचा किंवा स्पेनचा चौथ्या क्रमांकाचा संघ उभा ठाकायचा. या जोड्यांचे निकाल बहुतेक वेळा सामन्याआधीच सांगता येत.

२००७ च्या जानेवारीत मिशेल प्लातिनी यूएफाचे, म्हणजे युरोपीय फुटबॉल चालवणाऱ्या संघटनेचे, अध्यक्ष झाले. त्यांची पुढची कारकीर्द वादात आणि बंदीत संपली, पण २००९ मध्ये त्यांनी केलेला एक बदल मला आजही न्याय्य वाटतो. त्यांनी पात्रतेचे दोन मार्ग वेगळे केले. एकावर फक्त विजेते एकमेकांशी खेळतील, दुसऱ्यावर मोठ्या लीगमधले दुसरे, तिसरे, चौथे. दोन्ही मार्गांच्या शेवटी प्ले-ऑफ, आणि प्रत्येक मार्गाला पाच जागा. म्हणजे छोट्या देशांच्या विजेत्यांतले पाच जण दरवर्षी आत जाणारच, ही हमी आली. पहिल्याच वर्षी सायप्रसचा अपोएल, इस्रायलचा माक्काबी हैफा, स्वित्झर्लंडचा झ्यूरिक, हंगेरीचा डेब्रेत्सेन आणि ग्रीसचा ऑलिंपियाकोस हे पाच विजेते या वाटेने आत गेले.

हमी फार काळ टिकली नाही. २०१८ मध्ये वरच्या चार देशांना प्रत्येकी चार थेट जागा मिळाल्या आणि विजेत्यांच्या मार्गाच्या पाचाच्या चार झाल्या. दुसऱ्या मार्गाच्या तर पाचाच्या दोनच. २०२४ मध्ये स्पर्धा ३२ वरून ३६ संघांची झाली. चार जागा वाढल्या, त्यातली विजेत्यांच्या मार्गाला एक मिळाली. पाचाचे चार, चाराचे पुन्हा पाच. वरच्या दहा देशांचे विजेते थेट आत असतात, हे धरूनही चाळीसहून अधिक देशांच्या विजेत्यांसाठी पाच खुर्च्या, हा आजचा हिशेब आहे.

आकडे मांडून झाले. पण या फेरीत काय घडते ते आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी २७ ऑगस्ट २०१४ ची सोफियातली रात्र पाहायला हवी. बल्गेरियाच्या ईशान्येला राझग्राद नावाचे छोटे शहर आहे. तिथला लुडोगोरेट्स हा क्लब काही वर्षांपूर्वीपर्यंत खालच्या विभागांत खेळत होता. समोर स्टेआवा बुखारेस्ट, १९८६ चा युरोपविजेता. बुखारेस्टमधला पहिला सामना स्टेआवाने १-० असा जिंकला होता. परतीचा सामना सोफियाच्या राष्ट्रीय स्टेडियमवर होता. तिथे नव्वदावे मिनिट आले तरी गोल नव्हता. मग ब्राझीलच्या वांडरसनने पेटीबाहेरून, चेंडू जमिनीला लागण्याआधीच असा फटका मारला की गोलरक्षकाला हलताही आले नाही. एकत्रित १-१. जादा वेळ. तो संपायला एक मिनिट उरले असताना लुडोगोरेट्सचा गोलरक्षक व्लादिस्लाव स्तोयानोव याला लाल कार्ड मिळाले. बदली खेळाडू सगळे वापरून झाले होते. शूटआउटसाठी गोलात उभे राहायला कुणी नाही.

कोस्मिन मोत्स हा मधला बचावपटू पुढे आला. तो स्वतः रोमानियाचा, त्यातही स्टेआवाचा बुखारेस्टमधला कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या दिनामोचा जुना खेळाडू. त्याने गोलरक्षकाची जर्सी आणि हातमोजे चढवले, संघाची पहिली पेनल्टी स्वतः मारली, गोल केला, आणि मग जाऊन गोलात उभा राहिला. गोलरेषेवर तो हातवारे करत इकडेतिकडे उड्या मारत होता. ज्याला गोलरक्षणाचे तंत्र शिकवलेलेच नाही त्याने आणखी काय करायचे? त्याने दोन फटके अडवले. लुडोगोरेट्स ६-५ ने जिंकला. दोन-तीन महिन्यांत रेआल माद्रिद आणि लिव्हरपूल बल्गेरियात खेळून गेले, आणि त्यातल्या लिव्हरपूलला लुडोगोरेट्सने २-२ असे रोखले. क्लबच्या स्टेडियममधल्या एका स्टँडला पुढे मोत्सचे नाव देण्यात आले. बचावपटूचे नाव गोल अडवल्याबद्दल स्टँडला लागले, असे उदाहरण दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही.

त्याच उन्हाळ्यात या वाटेवर दुसरीही एक गोष्ट घडली, आणि ती मला अजून खुपते. प्ले-ऑफच्या आधीच्या फेरीत पोलंडच्या लेगिया वॉर्सॉने सेल्टिकला ४-१ आणि २-० असे दोनदा हरवले. एकत्रित ६-१. दुसऱ्या सामन्याच्या शेवटच्या काही मिनिटांसाठी लेगियाने बेरेशिन्स्की या बचावपटूला बदली म्हणून उतरवले. त्याच्यावर आधीच्या हंगामातली तीन सामन्यांची बंदी होती. तीन सामने तो बसला होता, पण त्यातल्या दोन सामन्यांसाठीच्या यादीत क्लबने त्याचे नावच नोंदवलेले नव्हते, म्हणून ते दोन धरले गेले नाहीत. यूएफाने दुसरा सामना सेल्टिकला ३-० असा बहाल केला. एकत्रित ४-४, आणि परक्या मैदानावरच्या गोलाच्या तेव्हाच्या नियमाने (बरोबरी झाली तर बाहेर जास्त गोल करणारा पुढे) सेल्टिक पुढे. चुकीला शिक्षा हवी हे मान्य, पण एका कारकुनी चुकीसाठी पाच गोलांचा फरक पुसला जावा हे मला पटत नाही. सेल्टिकला त्याचा उपयोग झाला नाही. प्ले-ऑफमध्ये स्लोव्हेनियाच्या मारिबोरने त्यांना ग्लासगोत येऊन १-० ने हरवले आणि स्वतः पुढे गेला.

सेल्टिक आणि ही फेरी यांचे नातेच दुखरे आहे. २०१५ मध्ये स्वीडनच्या माल्मोने त्यांना इथेच बाद केले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांची गाठ कझाकस्तानच्या कैरात अल्मातीशी पडली. अल्माती तिएन शान पर्वताच्या पायथ्याशी, नकाशावर आशियात. कझाकस्तान २००२ मध्ये यूएफात आला म्हणून तिथला क्लब युरोपात खेळतो. कैरात जुलैमध्ये अगदी पहिल्या फेरीपासून सुरुवात करून स्लोव्हेनिया, फिनलंड आणि स्लोव्हाकियाच्या विजेत्यांना मागे टाकत आला होता. ग्लासगोत ०-०. पाच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून सेल्टिक अल्मातीत पोहोचला, तिथेही ०-०, जादा वेळेतही गोल नाही. शूटआउटमध्ये एकवीस वर्षांच्या तेमिर्लान अनारबेकोवने सेल्टिकचे तीन फटके अडवले. कैरात ३-२. महिनाभरात रेआल माद्रिद अल्मातीत उतरला. तो सामना कैरात ०-५ ने हरला, पण अल्मातीच्या प्रेक्षकांनी रेआलला आपल्या शहरात, गुणांसाठी खेळताना पाहिले. कैरातकडून त्या उन्हाळ्यात दास्तान सत्पाएव हा पोरगाही खेळत होता. त्याला नुकती सतरा वर्षे पूर्ण झाली होती आणि चेल्सीशी त्याचा करार आधीच झालेला होता.

सेल्टिक कुठे कमी पडला याची चर्चा स्कॉटलंडमध्ये बरीच झाली. मला एक साधे कारण जास्त महत्त्वाचे वाटते. कझाकस्तान, नॉर्वे, स्वीडन, आयर्लंड इथल्या लीग वसंतात सुरू होऊन शरदात संपतात. ऑगस्टमध्ये हे संघ हंगामाच्या ऐन मध्यात असतात, पाय आणि श्वास दोन्ही जुळलेले. पश्चिम युरोपातले संघ उन्हाळी सुटीवरून नुकते परतलेले असतात. वर खरेदी-विक्रीची खिडकी ऑगस्टअखेरपर्यंत उघडी असते. चांगला खेळाडू विकायचा की ठेवायचा, नवा घ्यायचा की थांबायचे, हे प्ले-ऑफचा निकाल लागल्याशिवाय ठरवता येत नाही. आणि निकाल तर त्या खेळाडूंवरच अवलंबून. या पेचात दरवर्षी दोन-चार क्लब अडकतात. जोड्या लावताना मागच्या पाच हंगामांच्या कामगिरीवरून काढलेल्या गुणांकाने मानांकित आणि बिगरमानांकित असे दोन गट पाडतात, पण ऑगस्टमधली तयारी या गुणांकात कुठे दिसत नाही.

नॉर्वेच्या बोडो/ग्लिम्टचे उदाहरण घ्या. बोडो हे आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेचे, पन्नासेक हजार वस्तीचे बंदर. मैदान कृत्रिम गवताचे, प्रेक्षक मावतात आठ हजारांच्या आसपास. २०२४ च्या प्ले-ऑफमध्ये त्यांनी घरी रेड स्टारला २-१ ने हरवले आणि बेलग्रेडमध्ये ०-२ ने हरून बाहेर पडले. हरणाऱ्याला युरोपा लीग या दुय्यम स्पर्धेत जागा मिळते. बोडो तिथे थेट उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढच्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाचा श्टुर्म ग्रात्स समोर आला, तेव्हा पहिल्याच सामन्यात त्यांनी पाच गोल करून प्रश्न मिटवला. २००७ च्या रोझेनबोर्गनंतर नॉर्वेचा संघ प्रथमच मुख्य स्पर्धेत पोहोचला, आणि जानेवारी २०२६ मध्ये याच मैदानावर मँचेस्टर सिटी ३-१ ने हरली. पराभवानंतर खालच्या स्पर्धेत उतरायला मिळणे ही या रचनेतली चांगली बाजू आहे. पूर्ण बाहेर फेकला गेलेला संघ वर्षभरात इतका शिकला नसता.

रेड स्टारबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण या फेरीचे सगळे रंग त्यांनी अंगावर घेतले आहेत. २०१८ मध्ये साल्झबुर्गविरुद्ध बेलग्रेडमध्ये ०-० झाले. परतीच्या सामन्यात साल्झबुर्ग २-० ने पुढे होता. मग बेन नाबुआनने सुमारे एका मिनिटाच्या अंतराने दोन गोल केले. २-२, आणि परक्या मैदानावरच्या गोलांमुळे रेड स्टार आत. १९९१ चा युरोपविजेता चॅम्पियन्स लीगच्या गटात पहिल्यांदाच खेळणार होता. त्या हंगामात मिलान पावकोवच्या दोन गोलांनी त्यांनी लिव्हरपूलला बेलग्रेडमध्ये हरवले, आणि शेवटी कप जिंकला तो याच लिव्हरपूलने. चार वर्षांनी, २०२२ मध्ये, माक्काबी हैफाविरुद्धच्या प्ले-ऑफचा निर्णय जादा वेळेत जाणार असे दिसत असताना नव्वदाव्या मिनिटाला चेंडू ज्याला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेला तो हाच पावकोव. २०२५ मध्ये सायप्रसच्या पाफोसने त्यांना बाहेर काढले. पाफोस हा क्लब २०१४ मध्ये दोन क्लब एकत्र येऊन तयार झाला. अकरा वर्षांच्या क्लबने माजी युरोपविजेत्याला घरी जाऊन २-१ ने हरवावे आणि परतीच्या सामन्यात शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधून बाद करावे, हे फक्त इथेच घडते. जुनी पुण्याई इथे चालत नाही, आणि हीच या फेरीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

परक्या मैदानावरच्या गोलाचा तो नियम यूएफाने २०२१ पासून काढून टाकला. त्याआधी २०१७ मध्ये अझरबैजानचा काराबाख याच नियमाने कोपेनहेगनला मागे टाकून गटात पोहोचला होता: घरी १-०, तिकडे १-२. हा क्लब मूळचा अग्दामचा. १९९३ च्या युद्धात ते शहर उद्ध्वस्त झाले आणि तेव्हापासून क्लब बाकूत राहतो. २०२५ मध्ये काराबाख पुन्हा आला, या वेळी नियमाच्या आधाराशिवाय, फेरेन्त्स्वारोसला एकत्रित ५-४ ने हरवून. नियम गेला ते बरेच झाले असे मी म्हणेन. पहिल्या सामन्यात घरचा संघ गोल खाण्याच्या धास्तीने मागे बसून राहायचा. आता तसे कमी होते.

याच काराबाखचा २०२५ च्या शरदातल्या एका विलक्षण साखळीत वाटा आहे. दुसऱ्या मार्गावरच्या प्ले-ऑफमध्ये पोर्तुगालच्या बेन्फिकाने तुर्कस्तानच्या फेनेरबाह्चेला ०-०, १-० असे हरवले. निर्णायक गोल केरेम अक्तुर्कोग्लूने केला, आणि काही दिवसांत तोच खेळाडू फेनेरबाह्चेने विकत घेतला. पराभवानंतर दोन दिवसांत फेनेरबाह्चेने प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांना काढले. १६ सप्टेंबरला काराबाख लिस्बनमध्ये ०-२ ने मागे पडूनही बेन्फिकाला ३-२ ने हरवून गेला. त्या रात्री बेन्फिकाच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली आणि त्यांच्या जागी आले मोरिन्यो. तीन आठवड्यांत दोन मोठ्या क्लबांच्या कारभाराची उलथापालथ, आणि तिची सुरुवात त्या फेरीतून.

आता पैशाकडे वळतो. २०२४ ते २०२७ या काळात चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत नुसते पोहोचल्याबद्दल प्रत्येक क्लबला १ कोटी ८६ लाख २० हजार युरो मिळतात. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर १८६ कोटी रुपये. प्ले-ऑफ हरणाऱ्याला ४२ लाख ९० हजार युरो, आणि युरोपा लीगमध्ये उतरल्यावर तिथले ४३ लाख १० हजार. दोन्ही मिळून ८६ कोटी रुपये. फरक शंभर कोटींचा. पुढे चॅम्पियन्स लीगमधला एक विजय २१ लाख युरोंचा, युरोपा लीगमधला साडेचार लाखांचा. माद्रिद किंवा म्युनिकच्या ताळेबंदात ही रक्कम फार मोठी नाही. रिगा, अल्माती, राझग्राद इथल्या क्लबसाठी मात्र ती फार मोठी आहे. मोत्सने अडवलेल्या त्या दोन पेनल्टींची किंमत लावायची तर अशी लावावी लागेल.

आणि इथेच या चांगल्या व्यवस्थेची वाईट बाजू सुरू होते. एकदा आत गेलेला क्लब त्या पैशातून चांगले खेळाडू घेतो, देशातली लीग पुन्हा जिंकतो, पुन्हा पात्रता फेरीत येतो, गुणांक वाढलेला असल्याने सोपे प्रतिस्पर्धी मिळवतो आणि पुन्हा आत जातो. देशातले बाकी क्लब जिथे होते तिथेच. लुडोगोरेट्सने २०१२ ते २०२५ सलग चौदा वेळा बल्गेरियाची लीग जिंकली. बेलारूसच्या बाटे बोरिसोवने २००६ ते २०१८ सलग तेरा वेळा. दिनामो झाग्रेबने २००६ ते २०१६ सलग अकरा वेळा. प्रत्येकाच्या मागे स्थानिक कारणे आहेत, श्रीमंत मालक आहेत, राजकारणही आहे. पण युरोपातून येणारा पैसा हा सगळीकडचा सामाईक धागा आहे. छोट्या देशांसाठी उघडलेले दार त्या देशातल्या बाकी सर्वांसाठी लीग बंद करते. प्लातिनींच्या सुधारणेचे हे फळ कुणी ओळखले नव्हते. यूएफा सहभागी नसलेल्या क्लबांना एकजुटीचा निधी म्हणून काही वाटा देते, अलीकडे तो वाढवलाही आहे, पण वर सांगितलेल्या शंभर कोटींच्या दरीपुढे तो फार तोकडा आहे.

मोठ्या क्लबांच्या बाजूने बोलणारे दुसरा मुद्दा काढतात: हे संघ आत येऊन करतात काय? उदाहरणे त्यांच्याकडे भरपूर आहेत. २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सने नेदरलंड्सच्या पीएसव्हीला हरवून जागा मिळवली आणि मग सहाही सामने हरले. दोन गोल केले, बावीस खाल्ले. २०२४-२५ मध्ये स्लोव्हान ब्रातिस्लावा आणि स्वित्झर्लंडचा यंग बॉइज, दोघेही प्ले-ऑफमधून आलेले, आठपैकी आठ सामने हरले. हे खरे आहे. पण याच वाटेने अपोएल आला आणि २०१२ मध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. याच वाटेने २०२१ मध्ये मोल्दोवापासून फुटलेल्या ट्रान्सनिस्ट्रिया भागातला शेरीफ तिरास्पोल आला, दिनामो झाग्रेबला ३-० आणि ०-० करून, आणि महिनाभरात त्याने रेआल माद्रिदला त्यांच्याच बर्नाबेऊ मैदानावर २-१ ने हरवले. दुसऱ्या मार्गाने २०१७ मध्ये हॉफेनहाइमला हरवून लिव्हरपूल आला आणि अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. २०१८ मध्ये आयाक्स दुसऱ्या पात्रता फेरीपासून खेळत आला आणि अंतिम सामना काही सेकंदांनी हुकला. हरणारे संघ थेट प्रवेश मिळालेल्यांतही असतातच. त्यांच्या लायकीबद्दल कुणी विचारत नाही.

काही संघांचा तर घरचा सामनाही घरी होत नाही. २०२२ पासून युक्रेनचे क्लब युरोपीय सामने देशाबाहेर खेळतात. २०२४ च्या प्ले-ऑफमध्ये दिनामो कीव्हचा साल्झबुर्गविरुद्धचा ‘घरचा’ सामना पोलंडमधल्या लुब्लिनला झाला. ०-२, आणि मग १-१. दोन सामन्यांच्या रचनेचा सारा न्याय घरच्या प्रेक्षकांवर उभा आहे. ज्याला घरच नाही त्याने काय करावे, याला नियमावलीत उत्तर नाही.

दोन सामन्यांच्या या न्यायाचे मोल आशियाकडे पाहिले की जास्त कळते. १३ ऑगस्ट २०२५ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवाने ओमानच्या अल सीबला २-१ ने हरवून एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या गटात जागा मिळवली. तो एकच सामना होता. गोव्याला तो घरी मिळाला आणि त्यांनी त्याचे सोने केले. ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाचा अल नस्र फातोर्डावर खेळायला आला आणि ब्रायसन फर्नांडिसने त्यांच्याविरुद्ध गोलही केला. एक भारतीय क्लब प्ले-ऑफ जिंकून काय मिळवू शकतो ते गोमंतकीयांनी प्रत्यक्ष पाहिले. पण हाच सामना मस्कतमध्ये झाला असता तर? युरोपात मोठ्या क्लबांच्या सामन्यांची गर्दी वाढते आहे. ती कमी करायला उद्या कुणी म्हणेल की पात्रता फेरी एका सामन्यात उरका, तेव्हा छोट्या देशांनी ते मान्य करू नये. अल्मातीत रेआल येईल की नाही हे ठरवण्याआधी सेल्टिकला अल्मातीत यावेच लागले, यातच सगळे आले.

सध्याची रचना २०२७ पर्यंतची आहे. पुढच्या रचनेत विजेत्यांच्या मार्गाला पाचाऐवजी सहा जागा मिळाव्यात, आणि प्ले-ऑफमधून आत गेलेल्या क्लबच्या प्रवेशरकमेतला ठरावीक हिस्सा त्याच्या देशातल्या बाकी पहिल्या विभागाच्या क्लबांना थेट द्यावा, असे मला वाटते. सहावी जागा शोधायला लांब जायला नको. २०२४ मध्ये वाढलेल्या चार जागांपैकी दोन, आदल्या हंगामात ज्या दोन देशांच्या क्लबांची एकत्रित कामगिरी सर्वोत्तम त्यांना बक्षीस म्हणून ठेवल्या आहेत. कागदावर त्या कुणालाही मिळू शकतात. पहिल्या वर्षी त्या इटली आणि जर्मनीला मिळाल्या, म्हणजे बोलोन्या आणि डॉर्टमुंडला. दुसऱ्या वर्षी इंग्लंड आणि स्पेनला, म्हणजे न्यूकॅसल आणि विय्यारेआलला. ज्यांना आधीच चार-चार थेट जागा आहेत त्या चार देशांतच चारही बक्षिसे वाटली गेली. त्यातली एक काढून विजेत्यांच्या मार्गाला द्यावी. बोलोन्या आणि डॉर्टमुंड त्या वर्षी आपापल्या लीगमध्ये पाचवे आले होते.